ध्येयपत्र : परीक्षेच्या पलीकडचा अभ्यासक्रम



स्पर्धा परीक्षेचा अभ्यासक्रम छापील मिळतो. जीवनाचा मात्र ज्याचा त्यानेच लिहावयाचा असतो. पदवी, पद आणि वेतन ही साधने होत. ती कशासाठी हवीत, या प्रश्नाचे मोजक्या ओळींतील लेखी उत्तर म्हणजे व्यक्तिगत ध्येयपत्र.

मराठी मुलखातील याचे ठळक उदाहरण गोपाळ गणेश आगरकरांचे आहे. १८५६ मध्ये कऱ्हाडजवळील टेंभू येथे जन्मलेल्या आगरकरांचे शिक्षण हलाखीत झाले. एम.ए.च्या परीक्षेच्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहिले. मोठ्या परीक्षांमागून मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल, अशी आशा आईने धरू नये. पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून तो आपला वेळ लोकहितार्थ वेचणार आहे, असा त्याचा आशय होता.

या पत्रात ध्येय आहे, तशीच मर्यादाही आहे. देशसेवेची इच्छा व्यक्त करणे सोपे असते. त्यासाठी कशावर पाणी सोडणार, हे लिहिणे कठीण. शिवाय या निर्णयाची झळ जिला लागणार होती, त्या आईलाच तो आधी कळविला गेला.

पुढे आगरकर न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यात सामील झाले. १८८१ मध्ये ‘केसरी’चे ते पहिले संपादक झाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी त्यांनी टिळकांसह १०१ दिवसांचा कारावास भोगला. समाजसुधारणेच्या प्रश्नावर मतभेद होताच १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १८९५ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. साधने बदलली, ध्येय मात्र कायम राहिले.

आजच्या परीक्षार्थींनाही याचे महत्त्व आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. परंतु ध्येयपत्राचा खरा उपयोग निकालानंतर होतो. जागा थोड्या आणि उमेदवार अनेक असतात. केवळ पदालाच ध्येय मानणारा उमेदवार अपयशाने दिशाहीन होतो; कार्याला ध्येय मानणाऱ्यास शाळा, सहकारी संस्था, ग्रामपंचायत असे अन्य मार्ग दिसू लागतात.

म्हणून विद्यार्थी पुण्यात असो वा बंगळुरूच्या शिवाजीनगरात, त्याने एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत : कोणासाठी काम करावयाचे? कोणत्या कौशल्याने? किती मिळकतीत समाधान मानावयाचे? आणि कोणती गोष्ट कदापि करावयाची नाही? तो कागद घरच्यांना वाचून दाखवावा आणि दरवर्षी तपासावा.