पुळणीचा उतार मोजताना

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरची पुळण, म्हणजे लाटांनी आणून टाकलेल्या वाळूचा पट्टा, सुमारे ६ किलोमीटर लांब, बरीचशी सरळ आणि खुल्या अरबी समुद्राकडे तोंड करून असल्याने भूगोलाच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्र-अभ्यासाला फार सोयीची आहे. तरीही ‘गुहागरचा समुद्रकिनारा’ एवढ्या मोघम विषयावर अभ्यास उभा राहत नाही. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून उथळ पाण्यात नेतात आणि पुढे शांत झालेल्या समुद्राच्या लहान लाटा ती हळूहळू परत आणतात, तेव्हा मे आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत पुळणीचा उतार किती बदलतो, असा मोजून उत्तर देता येणारा प्रश्न आधी ठरवावा लागतो.

दिवस निवडताना पंचांग उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरती खूप वर चढते आणि ओहोटीही तितकीच खाली उतरते, त्यामुळे त्या ओहोटीला पुळणीचा अधिकात अधिक भाग उघडा पडतो.

उतार मोजण्यासाठी के. ओ. एमरी या सागरी भूशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलेली पद्धत अतिशय साधी आहे. सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या सारख्या उंचीच्या दोन काठ्या ठरावीक अंतरावर, समुद्राकडे जाणाऱ्या रेषेत उभ्या धरतात; मागच्या काठीजवळचा निरीक्षक पुढच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळेपर्यंत डोळा खाली आणतो, आणि मागच्या काठीच्या टोकापासून डोळ्याच्या पातळीपर्यंत जितके सेंटिमीटर भरतात, तितकी वाळू त्या अंतरात खाली उतरलेली असते. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणून हेच पाण्याच्या कडेपर्यंत करत जायचे. आरंभबिंदू सुरूच्या झाडापाशी न घेता पक्क्या बांधकामाच्या कोपऱ्यापाशी घ्यावा, कारण वादळात झाड उन्मळू शकते. आणि प्रत्येक वाचन वेळेसह तिथल्या तिथे पेन्सिलीने नोंदवावे, कारण खारे शिंतोडे उडाले की शाई पसरते.

अहवालात खरी कसोटी लागते ती निष्कर्षांपाशी. आलेखात उतार ठळक दिसावा म्हणून उभे प्रमाण आडव्यापेक्षा मोठे घेतले असल्यास ते आकृतीखाली लिहिलेच पाहिजे, नाहीतर सौम्य पुळण कड्यासारखी भासते. ऑक्टोबरमध्ये वाळू कमी आढळली, एवढ्यावरून समुद्रपातळी वाढल्याने किनारा झिजत आहे असे लिहिणे सर्वथा चुकीचे आहे, कारण हा फरक केवळ ऋतूचाही असू शकतो. मच्छीमारांनी दाखवलेली जुनी भरतीरेषा मोलाची असते, पण ती मोजमापांच्या तक्त्यात न मिसळता स्वतंत्रपणे नोंदवावी. मूळ वाचने परिशिष्टात जशीच्या तशी जोडली, तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना त्याच रेषेवर पुन्हा काठ्या धरता येतात.