झिलईचा व्यवहार

वस्तूला झिलई आणण्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा कारागीर अंगणात भाता मांडून बसे, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी तेथेच उभी राहून त्याचे काम पाहत. भांडे पुरते तापले की नाही, नवसागर टाकल्यावर धूर निघाला की नाही, कथील आतून सर्वत्र सारखे फिरले की नाही, हे सारे डोळ्यांदेखत होई. काम वाईट झालेच, तर चारआठ दिवसांत आमटी कळकून ते आपोआप उघडकीस येई. कल्हईवाल्याला दोन शब्द सुनावले की तो मुकाट्याने भांडे पुन्हा भट्टीवर धरी.

आजच्या शहरात ही झिलई मोटारीला आणली जाते, आणि त्या कामाला 'डीटेलिंग' असे भारदस्त नाव मिळाले आहे. यमुनेच्या पूर्व तीरावरील नोएडात मी राहतो. 17 एप्रिल 1976 रोजी, आणीबाणीच्या काळात, एक औद्योगिक वसाहत म्हणून या नगराची स्थापना झाली. त्याच्या नावात ओखल्याचा 'ओ' आणि प्राधिकरणाचा 'ए' अजून तसेच आहेत. गावाला नाव नव्हे, आद्याक्षरे लाभली आहेत! येथील क्रमांकांच्या सेक्टरांतून हिंडताना दर थोड्या अंतरावर काचेचे दार, आत पांढरा झगझगीत प्रकाश आणि आरशासारखी चमकणारी एखादी मोटार असे दुकान दिसते. धंदा येथे भरभराटीस यावा याला कारणही आहे. वैशाख-ज्येष्ठात राजस्थानच्या बाजूने धुळीची वादळे येतात, इमारतींची बांधकामे बारमाही चालू असतात, हिवाळ्यात धुके आणि दव यांनी तीच धूळ पत्र्याला चिकटून बसते. जमिनीतील पाणी जड. त्याचा थेंब उन्हात सुकला की चुन्याचे पांढरे कडे मागे राहते, आणि ते फार दिवस राहिले तर रंगात उतरते.

आमच्या वसाहतीत एक निवृत्त शिक्षक राहतात. मूळचे अकोल्याचे, मुलीकडे येऊन स्थायिक झालेले. त्यांच्या गडद निळ्या मोटारीवर बारीक ओरखड्यांचे जाळे पडले होते. घरात लग्नकार्य जवळ आले, म्हणून त्यांनी अशाच एका दुकानात मोटार दिली. यंत्राने घासून ओरखडे काढायचे आणि वर सिरॅमिकचा लेप द्यायचा असे ठरले. लेपाची हमी पाच वर्षांची, आणि एकंदर खर्च अठ्ठावीस हजार रुपये. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे. संध्याकाळी मोटार ताब्यात आली तेव्हा ती लखलखत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात उभी केल्यावर मात्र बॉनेटवर आणि दारांवर प्रकाशाची वर्तुळे दिसू लागली. पाण्यावर तेलाचा तवंग हलावा तशी ती पाहणाराबरोबर हलत. काळ्या प्लॅस्टिकच्या कडांत पॉलिशची पांढरी पूड साचली होती, आणि मागील दाराजवळ लेपाचा एक ढगाळ पट्टा तसाच राहून गेला होता.

त्यांनी मला बोलावून ते दाखविले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही सरकारात आहात. कुणाला तरी एक फोन करा, म्हणजे दुकानदार सुतासारखा सरळ येईल."

या सूचनेकडे मी वळणारच आहे. पण प्रथम त्या वर्तुळांचे कारण पाहू, कारण ते समजल्याखेरीज मागणी काय करायची हेच ठरत नाही.

मोटारीच्या पत्र्यावर आधी अस्तराचा रंग असतो, त्यावर मुख्य रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक रोगणाचा थर. आपण जी चमक पाहतो ती या शेवटच्या थराची. त्याची जाडी साधारणपणे चाळीस ते पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. ओरखडे 'काढणे' याचा अर्थ ओरखडा भरणे असा नसून, त्याच्या आजूबाजूचे रोगण ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट करणे असा आहे. यंत्र गोल फिरते. त्यावरील गादी खरबरीत असली, हात घाईचा असला आणि शेवटी मऊ गादीने बारीक पॉलिश फिरविले नाही, तर जुने ओरखडे जाऊन यंत्राची स्वतःची वर्तुळे उमटतात. पुष्कळ पॉलिशांत तेलकट द्रव्येही असतात. ती या वर्तुळांत भरून बसतात व दोनचार धुण्यांपर्यंत सारे झाकून ठेवतात. म्हणून जाणता कारागीर लेप देण्यापूर्वी पृष्ठभाग अल्कोहोलमिश्रित पाण्याने पुसून घेतो आणि तिरप्या प्रकाशात पाहतो. ते न करता लेप दिला, तर दोष काचेखाली तसबीर ठेवावी तसा त्या लेपाखाली राहतो. लेपाच्या डबीवर 'नऊ एच' अशी कठीणपणाची खूण असते, तिचाही फार गवगवा होतो. ते माप पेन्सिलींच्या शिशाचे आहे! नऊ एचच्या पेन्सिलीने चरा पडत नाही, एवढेच ते सांगते. रस्त्यावरची वाळू पेन्सिलीहून कठीण असते.

यातून एक पेच निर्माण होतो. दुकानदार सहज म्हणतो, "गाडी परत आणा, पुन्हा फुकट करून देतो." ऐकणाऱ्यास हे औदार्य वाटते. पण दुसऱ्यांदा घासणे म्हणजे आणखी रोगण खर्च करणे, आणि खर्च झालेले रोगण पुन्हा रंगवल्याखेरीज परत येत नाही. कडांवर आणि पत्र्याच्या दुमडींवर तर ते मुळातच पातळ असते. ज्याने पहिल्यांदा काम बिघडविले त्याच्याच हाती ते दुसऱ्यांदा द्यावे काय? मापक यंत्राने थराची जाडी तपासता येते. परंतु ते सर्व थरांची एकत्रित जाडी सांगते, आणि कामाआधीचा आकडा लिहून ठेवलेला नसेल तर किती गेले हे कळत नाही. आमच्या गुरुजींच्या कागदावर असा आकडा नव्हता. कागद म्हणजे एक चिठ्ठी होती, तीवर रक्कम आणि 'प्रीमियम पॅकेज' एवढेच शब्द.

येथे मला माझ्या विद्यार्थिदशेतील अर्थशास्त्र आठवते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच कामासाठी 2001 साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. विकणाऱ्यास मोटारीची खोड माहीत असते, घेणाऱ्यास नसते. म्हणून घेणारा सर्वांनाच कमी किंमत देऊ करतो, आणि चांगल्या मोटारी बाजारातून निघून जातात. हा विद्वान 1967-68 च्या सुमारास दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत राहून गेला होता. बाजारातील तांदळात त्याच रंगाचे व आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि भारतीय गृहिणीला ते निवडून काढावे लागतात, हे उदाहरण त्याने त्या निबंधात दिले आहे. आपल्या आईआजीच्या सुपाला जागतिक अर्थशास्त्रात असे स्थान मिळाले, हे फारसे कोणास ठाऊक नसते. पुढे 1973 मध्ये डार्बी आणि कार्नी या दोघांनी आणखी एक वर्ग वेगळा काढला: ज्यांचा दर्जा उपभोगानंतरही ग्राहकाला नीट कळत नाही अशा सेवांचा. मोटारीचा लेप या वर्गात चपखल बसतो. पाच वर्षांचा म्हणून दिलेला लेप खरोखर दिला होता की साधे मेण, हे सहा महिन्यांनी सामान्य माणसाने कसे सांगावे? तांदूळ निदान शिजण्यापूर्वी निवडता येतो.

आता तो फोन. मी तो केला नाही. केंद्रीय सेवकांसाठी 1964 चे वर्तणूक नियम आहेत, हे कारण पुरेसे होते. पण नियम नसते तरी मी तो केला नसता. दिल्लीच्या परिसरात 'मी कोण आहे ठाऊक आहे का' हे वाक्य रस्तोरस्ती ऐकू येते. त्याने काम होते, नाही असे नाही. पण दुकानदार त्यावरून काय शिकतो? काम चांगले करावे हे नव्हे, तर गिऱ्हाईक कोण आहे हे आधी विचारून घ्यावे, हे. ज्याच्यामागे फोन नाही त्याच्या वाट्याला मग घाईचा हात आणि खरबरीत गादी येते. शिवाय खुर्ची ही काही काळापुरती हाती आलेली वस्तू आहे. शेजाऱ्याच्या बॉनेटवरील वर्तुळांसाठी ती खर्ची घालणे मला शोभले नसते.

आणि श्रोतेहो, फोनची गरजही नव्हती. ग्राहकाच्या हक्काचा विचार महाराष्ट्राला परका नाही. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा या देशात ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो 1986 च्या डिसेंबरात आला. त्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली, आणि तो 20 जुलै 2020 पासून अमलात आला. या कायद्याने केलेली एक सोय मला फार मोलाची वाटते: तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत परत करण्यास नकार देणे, हीदेखील. सरकारचा 1915 हा दूरध्वनी क्रमांकही आहे, आणि पुष्कळ तंटे तेथेच मिटतात.

मात्र आयोगापुढे 'मोटार पूर्वीसारखी वाटत नाही' असे म्हणून भागत नाही. सेवेत उणीव होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. त्याच वर्षी गोव्यातील एका प्रकरणाचाही निकाल लागला. तेथील एका ग्राहकाने 2011 साली नवी म्हणून मोटार घेतली, ती निघाली 2009 ची, आणि सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली. विक्रेत्याच्या या कृत्याचा दोष, निर्मात्यास त्याची माहिती होती हे दाखविल्याखेरीज, निर्मात्यावर टाकता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. विक्रेता मात्र सुटला नाही. लेपाच्या हमीपत्रावर परदेशी कंपनीचे सोनेरी बोधचिन्ह पाहून ज्यांना धीर येतो, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. हात दुकानदाराचा होता. उत्तरही प्रथम त्यालाच विचारायचे.

गुरुजींनी त्याच सकाळी उन्हात छायाचित्रे काढली, तारीख दिसेल अशी. दोष कोठे, कोणता, हे दोन पानांत स्वच्छ अक्षरांत लिहिले. विशेषणे एकही नव्हते. शाळेत निबंध तपासण्याची सवय कामी आली असावी. मग आम्ही दोघे दुकानात गेलो, मी केवळ सोबतीला. व्यवस्थापक प्रथम म्हणाला, "धूप में तो ऐसा ही दिखता है, साहब." मोटार उन्हात चालवायची नसते हे आम्हांस नव्यानेच कळले! गुरुजींनी पाने पुढे केली. मग अल्कोहोलच्या पाण्याने एक दार तेथेच पुसून पाहण्याची विनंती केली. तेव्हा त्याने सूर बदलला, आणि आतून एका मुलाला हाक मारून आमच्यासमोरच त्याच्यावर ओरडण्यास आरंभ केला. नुकसान याच्या पगारातून कापतो, असे तो म्हणाला.

तो मुलगा बुंदेलखंडातून आलेला, विशीचाही नसेल. त्या दिवशी त्याच्यावर तीन मोटारी उरकण्याची सक्ती होती. यंत्र कसे धरावे हे त्याला कोणी शिकविले नव्हते. तो पाहून शिकला होता. गुरुजी एवढ्या वेळात प्रथमच चढ्या आवाजात बोलले. "त्याच्या पगारातून द्यायचे असतील तर मला तुमचा एक रुपया नको. पैसे तुम्ही घेतलेत, पावती तुम्ही दिलीत, मोटारी मोजून तुम्ही दिल्यात." हे सारे त्यांनी वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत सांगितले, आणि ते त्याला बरोबर समजले.

पुढला व्यवहार कोरडा आहे. लेखी पत्र दिल्यावर पंचविसाव्या दिवशी अठरा हजार परत आले. उरलेल्या दहा हजारांसाठी आयोगाकडे जावे काय, याचा आम्ही एक संध्याकाळ विचार केला. आत धुणे, आसने साफ करणे ही कामे नीट झाली होती. तेव्हा ती रक्कम गुरुजींनी सोडली. पगार कापणार नाही असे व्यवस्थापकाने कबूल केले. ते त्याने पाळले की नाही हे विचारण्यास गुरुजी महिन्याभराने पुन्हा जाऊन आले. मुलाने पाळले असे सांगितले. फुकटात पुन्हा घासून घेणे त्यांनी नाकारले. दुसऱ्या एका जुन्या कारागिराने मापक लावून पाहिले, आणि रोगण शिल्लक आहे तेवढे राहू द्या, फक्त बॉनेटवर एकदा मऊ हात फिरवू, असे सुचविले. त्याने तेवढेच केले. दारांवरील वर्तुळे आजही उन्हात दिसतात.

मुळातले ओरखडे कोठून आले होते, याचा शोध मात्र त्यानंतर लागला. आमच्या वसाहतीत पहाटे एक माणूस मोटारी पुसायला येतो. एक बादली, एक फडके आणि तीसएक मोटारी. पहिल्या मोटारीची वाळू तिसाव्या मोटारीपर्यंत त्या फडक्यातून प्रवास करते. महिन्याला प्रत्येक मोटारीमागे त्याला मिळते ते इतके थोडे, की प्रत्येकीसाठी बादली बदलणे त्याला परवडणारे नाही. गुरुजींनी परत आलेल्या पैशांतून मऊ सुती फडकी घेतली, दोन धुण्यात आणि दोन वापरात राहतील अशी, आणि ती स्वतःच्या दारामागे खिळ्याला टांगली आहेत. तो सकाळी घंटी वाजवून त्यांतील एक मागून घेतो, आणि काम झाल्यावर पिळून परत देतो.