आपले पान दुसऱ्यापुढे ठेवावे



अक्षरांचे संमेलन सोलापुरात भरवण्याला आधार आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. तिथल्या मंदिरातला शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी. जिल्ह्यातले शिलालेख शोधून वाचण्यात त्यांनी आयुष्य वेचले. याच मातीत कन्नड लेखही विपुल सापडतात. आजही या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांच्या शाळा भरतात. शिरोरेषेखाली तोललेली देवनागरी, गोलाईने वळणारी कन्नड आणि तेलुगू, आणि उजवीकडून डावीकडे उतरत जाणारी उर्दूची नस्तालिक ही वळणे इथल्या मुलांच्या वह्यांत शेजारी-शेजारी नांदतात. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्मही याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचा. लहानपणी बडोद्याच्या मदरशात त्यांनी खुशखत गिरवले आणि पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले. एवढे भांडवल असलेल्या गावात सुलेखन आणि हस्तअक्षरांकन यांचे सर्वांना खुले असे मंडळ हवे आणि आपण प्रत्येकाने त्याचे सभासद व्हावे, एवढीच आज माझी मागणी आहे.

मागणीमागचे कारण सांगतो. चांगले अक्षर एखाद्याच्या हातून जन्मते, पण ते पुढे चालते एकमेकांचे लिखाण पाहण्या-तपासण्याच्या वहिवाटीने. ती वहिवाट मोडली की कसबी हात असूनही लिपी जाते. मोडीचेच पाहा. शतकानुशतके राज्यकारभार, सावकारी आणि पत्रव्यवहार या लिपीत चालला. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमालच्या रुमाल तिने भरले आहेत. दप्तरात नवा उमेदवार जुन्या कारकुनाच्या हाताखाली तयार होई आणि त्याच्या कागदावर जाणत्याची नजर पडे. विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळेतून आणि कचेरीतून मोडी उठली. दोन पिढ्या गेल्या आणि पणजोबांचे खरेदीखत वाचून घ्यायला जाणकार शोधण्याची वेळ आली. दोन पिढ्यांत मराठी माणसाच्या बोटांतले कसब आटत नसते. ज्या बैठकीत ते तावूनसुलाखून निघे, ती बैठक मोडली होती. याच्या उलट उदाहरण लंडनचे. एडवर्ड जॉन्स्टन यांनी 1899 मध्ये लेखनकलेचे वर्ग सुरू केले आणि रुंद टोकाच्या लेखणीची विस्मरणात गेलेली विद्या पुन्हा हाती आणली. 1921 साली त्यांच्या परंपरेतल्या मंडळींनी लेखनिकांची संस्था स्थापली. जॉन्स्टन 1944 साली गेले, संस्था आजही चालू आहे.

यावर पहिला आक्षेप संगणकाचा येतो. हजारो फाँट फुकट मिळत असताना हाताने कशाला लिहायचे? पण फाँट आले कुठून? निर्णयसागरच्या ज्या देखण्या टायपावर महाराष्ट्राच्या पिढ्या वाचायला शिकल्या, तो जावजी दादाजींच्या छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांच्या हाताने घडला. विंडोजमधला मंगल फाँट घडवला आर. के. जोशी यांनी, आणि ते आधी सुलेखनकार व कवी होते. हात थांबला तर यंत्राला पुरवायला नवे अक्षर उरणार नाही. याच जोशींनी अक्षरवेड्यांना ‘अक्षराया’ या नावाखाली एकत्र आणले. एवढ्या ताकदीच्या माणसालाही सोबत्यांची बैठक आवश्यक वाटली, हे मला फार मोलाचे वाटते.

घरबसल्या व्हिडिओ पाहून शिकता येते, हे दुसरे म्हणणे, आणि काही अंशी ते खरे आहे. व्हिडिओ दुसऱ्याचा हात दाखवतो. तुमचा हात मात्र तो पाहत नाही. रोमन लिपीसाठी कापलेल्या निबेने देवनागरी लिहायला घेतली तर जाड-बारीक नको त्या जागी पडते, कारण आपल्या बोरूचा काप उलट तिरका असतो. शिकणारा महिनोन्‌महिने स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. शेजारी बसलेला जाणकार निब उचलून पाहतो आणि चूक दाखवतो. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिला, तिथे पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या शेवटापर्यंत सारे एकाच लेखणीतून उतरल्यासारखे दिसावे, अशी अपेक्षा आहे. हा सारखेपणा ढळला कुठे, हे लिहिणाऱ्याआधी दुसऱ्या डोळ्याला कळते.

मंडळात सगळे एका साच्यातले होतील, ही भीती मला फारशी टिकणारी वाटत नाही. अच्युत पालव यांनी मोडी हस्तलिखितांचा कसून अभ्यास केला आणि त्यातूनच देवनागरी-मोडीच्या संगमाची मुक्तलिपी निघाली. 2025 मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. कमल शेडगे यांनी नाटकामागून नाटकाची शीर्षके रेखाटली आणि प्रत्येकाला त्या नाटकाचा स्वभाव दिला. शिस्त पक्की असल्यावरच अशी मोकळीक घेता येते.

सर्वांत जड प्रश्न पोटाचा आहे. फ्लेक्सने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचा धंदा बसवला. मंडळ तो परत आणून देईल असे मी म्हणणार नाही. तशी आशा दाखवणे त्यांच्यावर अन्याय होईल. पण त्यांची विद्या धंद्याबरोबर बुडू देणे आपल्या हातात आहे, तसे ती राखणेही आहे. हनीफ कुरेशी यांनी देशातल्या पेंटरांची अक्षरे त्यांच्याच नावाने फाँटरूपात जतन करायला घेतली. 2024 मध्ये ते अकाली गेले. असे काम एका माणसाच्या आयुष्यावर टांगून ठेवता येत नाही. याचा जुना दाखला म्हणजे नाशिकच्या लेण्यांतला उषवदाताचा लेख. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने 3000 कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली, 2000 एकीकडे आणि 1000 दुसरीकडे. मुद्दल कायम आणि खर्च व्याजातून. एकट्या विणकराकडे त्याने ती ठेवली नाहीत, कारण माणूस जातो आणि श्रेणी राहते. मागावर वाढलेल्या सोलापूरला हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून मंडळाच्या प्रवेशाला परीक्षा नसावी. दर बैठकीला एक स्वतः लिहिलेले पान आणावे आणि ते सर्वांपुढे ठेवावे, ही एकच अट पुरे. शिकवायला शहरातले जुने पेंटर असावेत आणि त्यांना मानधन मिळावे. चारही लिप्यांच्या बैठका एकाच छताखाली व्हाव्यात. रंगवलेल्या जुन्या पाट्या उतरण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि पेंटरचे नाव सोबत नोंदवावे. नावनोंदणीची वही प्रवेशद्वारापाशी ठेवली आहे. दुपारच्या सत्राआधी तिच्यात आपापल्या लिपीत नाव लिहावे, अशी विनंती करतो आणि संमेलनाध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, अशी प्रार्थना करतो.