धूर सरला, भार उरला



नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारा सोलापूर-हैदराबाद महामार्ग असो वा नवरात्रात तुळजापुरी लागणारी गाड्यांची रीघ, धाराशिव जिल्ह्यातील अवजड वाहतूक मुख्यतः डिझेलवरच अवलंबून आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या वाहनांना भारत स्टेज-६ ही मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. नव्या इंजिनांची काजळी गाळणीत अडते. युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची घातक ऑक्साइडे निष्प्रभ होतात. बहुतेक जुन्या गाड्यांत ही सोय नाही.

मात्र गाडी नवी असो वा जुनी, एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. इंधनातील कर्ब हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो, म्हणून हे वजन इंधनाहून अधिक भरते. त्याला गाळणी नाही. इंधन कमी जाळणे हाच उपाय.

यास्तव टायरमध्ये योग्य हवा राखणे, एकसारख्या वेगाने गाडी हाकणे, मर्यादेबाहेर माल न भरणे आणि थांब्यावर इंजिन बंद करणे, या गोष्टी किरकोळ नव्हेत. शाळेसमोर उभ्या गाडीचा धूर प्रथम मुलांच्याच श्वासात जातो. ग्रामपंचायती व शिक्षकांनी ही जाणीव गावोगाव रुजवावी. वाचलेला प्रत्येक लिटर पैसाही वाचवील आणि हवाही राखील.