उजेडाची वळणवाट



‘दुर्बीण टाकून बघावं लागेल,’ असं डॉक्टर म्हणाले की आपल्या पोटात गोळा येतो. पण क्षणभर असा विचार करा, प्रकाश सरळ रेषेत जातो, मग ही वाकणारी नळी त्याला घशातून जठरापर्यंत नेते कशी?

काचेतून हवेकडे निघालेला किरण पृष्ठभागावर बराच तिरका पडला, म्हणजे लंबाशी त्याचा कोन साधारण ४२ अंशांहून मोठा झाला, तर तो बाहेर पडत नाही. सगळाच आत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. केसाहून बारीक काचतंतूत किरण असा पुन्हा पुन्हा परतत पुढे सरकतो. तंतू बेताने वाकवला तरी त्याची वाट चुकत नाही.

एका तंतूतून चित्राचा एकच ठिपका येतो. म्हणून हजारो तंतूंची जुडी बांधतात. दोन्ही टोकांना तंतूंचा क्रम तोच राहिला, तरच चित्र जुळतं. त्यातला एक तुटला की डॉक्टरांना चित्रात एक काळा ठिपका दिसतो.

पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली अशा जुडीतून चित्र पाठवल्याचं ‘नेचर’मध्ये जाहीर केलं. पण उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश शेजारच्या तंतूत पाझरतो. ओरखडा पडला किंवा तेलकट बोट लागलं तरी प्रकाश निसटतो. त्याच अंकात हॉलंडचे व्हॅन हील यांनी उपाय सुचवला: तंतूवर कमी अपवर्तनांकाचं, म्हणजे प्रकाशाला कमी वाकवणारं, आवरण चढवा. मग परावर्तन आवरणाच्या आतच होतं, बाहेरच्या स्पर्शाची बाधा होत नाही. १९५६ च्या डिसेंबरात अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातला विद्यार्थी लॉरेन्स कर्टिस याने काचेच्या नळीत काचेची कांडी घालून, तापवून, दोन्ही एकत्र ओढून असा तंतू काढला. पुढच्या फेब्रुवारीत डॉ. बॅसिल हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची दुर्बीण आधी स्वतःच्याच घशात उतरवली.

आता चित्र बहुधा टोकावरचा छोटा कॅमेरा टिपतो. उजेड मात्र अनेक दुर्बिणींत अजून काचतंतूच नेतात. दिवा बाहेर राहतो, त्यामुळे त्याची धग पोटाला लागत नाही.

तेव्हा डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली तर घाबरून टाळू नका. व्रण असो वा गाठ, वेळेवर दिसली तर उपचार सोपे होतात.