आधी अडसर, मग उपाय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या संध्याकाळच्या वाचनवर्गासाठी गोष्टींची पुस्तके घ्यावीत, अक्षरांचे तक्ते घ्यावेत की नव्या पद्धतीचे टॅब्लेट घ्यावेत, यावर मंडळात बरीच चर्चा चालू आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवले, म्हणून माझे मत विचारलेत. ते देण्यापूर्वी माझीच एक चूक सांगते.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. वाचन कच्चे, म्हणून मी तिला रोज मधल्या सुट्टीत बसवून एकच धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावी. महिन्याभरात ती घडाघडा वाचू लागली. मला कोण आनंद! एके दिवशी मी सहज पान उलटले, तर तिचे वाचन मागच्याच पानाचे चालू! पोरीने धडा तोंडपाठ केला होता. काना-मात्रा तिला ओळखताच येत नव्हत्या. मेहनत तिने केली. उपाय चुकला होता, आणि तो निवडणारी मी होते. वर्ष संपले, ती दुसऱ्या शाळेत गेली. ते वर्ष काही मला तिला परत देता आले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मूल कोठे अडते ते आधी पाहावे. त्याला एकटे जवळ बसवा, चारचौघांत नको. प्रथम सुटी अक्षरे दाखवा, मग सोपे शब्द, मग चार ओळींचा उतारा, मग छोटी गोष्ट. जेथे अडखळेल, ती त्याची पायरी. इयत्ता कोणतीही असो. 2005 साली सुरू झालेल्या ‘असर’ पाहणीत घरोघरी जाऊन हेच करतात. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नाही. तेव्हा आपलेच मूल मंद, असे समजण्याचे कारण नाही.

आता उपाय. अक्षरेच येत नसतील, तर सबंध मुळाक्षरे घोकवू नका. म, न, र, ग एवढी चारच घ्या. त्यांतून मन, नगर, मगर, गरम, नरम असे शब्द होतात, आणि आपण वाचले याचा मुलाला पहिल्याच दिवशी आनंद होतो. मात्रांवर अडत असेल, तर बाराखडीचा सूर पुरेसा नाही. मळा, माळ, माळी, मोळी असे शब्द शेजारी मांडून काय बदलले ते विचारा. जोडाक्षरांत ‘र’ फार छळतो. सूर्य, चक्र, ट्रक या शब्दांत त्याची तीन रूपे एकत्र दाखवा.

बरोबर वाचते पण फार सावकाश, अशा मुलाबरोबर तोच छोटा उतारा दोन-तीनदा मोठ्याने वाचावा. पाहा, माझ्या विद्यार्थिनीला जो उपाय निरुपयोगी ठरला, तोच येथे गुणकारी! आणि वाचते पण समजत नाही, अशा मुलाला तोच मजकूर आपण वाचून दाखवावा. ऐकून समजला, तर अजून वाचनातच त्याची शक्ती खर्च होते आहे. ऐकूनही समजला नाही, तर त्याला शब्द हवेत, गप्पा हव्यात, गोष्टी हव्यात. घरची बोली निराळी असेल, तर हे विशेष लक्षात ठेवावे.

डोळे व कान तपासून घ्यावेत. सर्व करूनही मूल पुढे सरकत नसेल, तर तज्ज्ञांना दाखवावे. 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात अध्ययन-अक्षमतेचाही समावेश आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि मारून तर ती मुळीच जात नाही.

हे आपल्याला जमेल का, असे काहींना वाटेल. 2001 च्या सुमारास मुंबईत व बडोद्यात ‘प्रथम’ संस्थेने वस्तीतल्याच तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमले. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले त्या रोज दोन तास वेगळी बसवून शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी त्याची पद्धतशीर पाहणी केली, तेव्हा या मुलांची चांगली प्रगती दिसली. या दोघांना पुढे 2019 साली नोबेल पारितोषिकही मिळाले. बालसखींजवळ मोठ्या पदव्या नव्हत्या. मुलाच्या पायरीपासून त्या सुरुवात करीत.

तेव्हा माझी सूचना अशी, की खरेदी पंधरा दिवस थांबवू या. तेवढ्यात प्रत्येक मुलाची पायरी पाहू, त्याप्रमाणे गट करू, आणि मग लागेल तेच आणू. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू. मूल हलले नसेल, तर उपाय बदलू. मुलाला बोल लावायचा नाही. माझ्या हातून एका मुलीचे वर्ष गेले. आपल्या वर्गातल्या एकाही मुलाचे तसे जाऊ नये, एवढीच इच्छा.