विजेचा कारभार आणि कावेरीचे पाणी



तंजावरात बोलायचे आणि कावेरीचे नाव घ्यायचे नाही, हे कसे जमावे? माझा विषय संगणकाच्या अंतर्गत वीजव्यवस्थेचा असला, तरी तो उलगडण्यास कावेरीच साह्य करील.

१९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात. साठा अपुरा असेल त्या वर्षी तारीख पुढे जाते. पाणी कल्लणैला येऊन कावेरी, वेण्णार व कालव्यांत वाटले जाते. शेवटच्या शेताची तहान वरच्या प्रत्येक दरवाजावर अवलंबून असते.

यंत्रातही अशीच साखळी असते. आवाज उमटावा तर ध्वनीचा भाग जागा हवा. त्याला कालस्पंद हवेत आणि दोहोंना वीज हवी. २०२१ साली नेस्ट हब या उपकरणात प्रथम आलेल्या गूगलच्या फ्युशा या कार्यप्रणालीसाठी हा कारभार ‘पॉवर ब्रोकर’ नावाच्या सेवकाकडे सोपविण्याची योजना आहे. कोणाचे कोणावाचून अडते, याची नोंद तो ठेवतो. गरजवंत त्याच्याकडे ‘लीज’, म्हणजे वापराचा हक्क, मागतो. मग आधी मूळचे घटक जागे होतात, नंतर त्यांवर विसंबलेले. निजविताना क्रम उलटा.

यातील मर्म असे, की कोणीही दारात ताटकळत नाही. निरोप टाकावा, आपले काम करावे आणि ‘तयार’ असा उलट निरोप येताच पुढे जावे. ब्रोकर एकाच्याच उत्तरासाठी अडून बसला, तर एका सुस्त घटकापायी सर्वांचा खोळंबा होईल. दोघे परस्परांची वाट पाहू लागले, तर दोघेही कायमचे थांबतील. मागणारा मध्येच कोसळला, तर त्याचा संपर्क तुटून हक्क आपोआप संपतो. एरवी उघडा राहिलेला दरवाजा रात्रभर धरण रिते करीत राहता.

हा केवळ तज्ज्ञांचा खेळ नव्हे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ धडकले. खांब कोसळून या भागातील कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी दूरच्या मुलांना ‘सुखरूप आहोत’ इतके कळवायचे, तर मनोरे पुन्हा सुरू होईपर्यंत फोनची बॅटरी टिकली पाहिजे. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्समध्येही २००९ पासून, काम नसलेले भाग निजविण्याची व्यवस्था आहे, ती याचसाठी.

आपल्या घरांतील जी मुले या क्षेत्रात आहेत, त्यांना एवढेच सांगणे, की दरवाजा बंद करण्यापूर्वी शेवटच्या शेताला पाणी पोचले का, ते पाहावे; आणि पोचल्यावर तो उघडा ठेवू नये.